माझ्या शब्दांखाली त्याचा चेहरा

सोमवार, ३ मार्च

पुन्हा उतरला!

सकाळी इसीच्या कबरीवरची पांढरी वाळू सारखी करून आले. कोंबड्यांनी पार उकरून ठेवली होती. घरी येऊन त्याला लिहिलं — "तुझं अंथरूण नीट केलंय." फोन ठेवला, कसाव्याचे कंद सोलायला घेतले. पुन्हा बघते तर माझ्या शब्दांखाली त्याचा इवलासा चेहरा!

फेसबुकवर समोरच्याने निरोप उघडला की त्याचा फोटो असा खाली उतरून बसतो. लेकीने, लोसेनेच शिकवलं मला. पण तो जिवंत माणसांचा बसतो.

इसीला जाऊन येत्या सव्वीस एप्रिलला वर्ष होईल. आमच्या बेटावरून ऑस्ट्रेलियात द्राक्षं तोडायला गेला, मळ्यावरून परत येताना गाडी उलटली. माझा मुलगा पेटीतून घरी आला. फोनचं विचारलं तर अपघातात गेला असेल म्हणाले. तरी मी रोज लिहीत राहिले. बाकी काटकसर करते, डेटा मात्र भरते. इतके महिने शब्द नुसते पडून होते. गेल्या शुक्रवारपासून चेहरा उतरतो.

मग उघडतं कोण?

प्रभू, क्षमा कर. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

बुधवार, ५ मार्च

लोसेला दाखवायला गेले. पोरीने तोंडच फिरवलं. "आई, नको! भावाचं आहे ते."

बहिणीने भावाच्या खोलीत जायचं नाही, त्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही. तो गेला तरी ही पाळतेच आहे.

म्हटलं, "अगं, नुसती खूण बघ."

"खूण पण त्याचीच ना? तो असता तर बघितली असती का मी?"

राग आला. अभिमानही वाटला. फोन मांडीवर घेऊन एकटीच बघत बसले.

शुक्रवार, ७ मार्च

झाडाच्या सालीचं कापड कुटायला मांडी घालून बसवत नाही. वर्षाच्या विधीला कापड तर हवंच. गुडघा असा ठणकतो! ह्यांना सांगितलं नाही. म्हणतील, काम कमी कर. आणि करेल कोण? लोसेलाही नाही सांगितलं. इसीला तेवढं लिहिलं.

चेहरा उतरला.

शनिवार, ८ मार्च

दाराच्या पायरीवर बाटली! केळीच्या पानात गुंडाळलेली. आत पाला घालून उकळलेलं खोबरेल, दुखऱ्या सांध्यांना लावतात ते.

लोसेला विचारलं, "तू आणलंस?"

"मला काय ठाऊक तुझं काय दुखतंय ते!"

तिला खरंच ठाऊक नव्हतं.

तेल लावलं. ऊब आली. प्रभू, हे तुझं की त्याचं?

रविवार, ९ मार्च

शब्बाथ, देवाचा विसाव्याचा दिवस. फोन कपाटात.

चर्चमध्ये पाळक म्हणाले, मेलेले प्रभूत निजलेले असतात, हाक येईल तेव्हाच उठतील. निजलेला माणूस निरोप कसा उघडेल? उपासना झाल्यावर त्यांना गाठून विचारणार होते. नाही विचारलं. उत्तर माहीत होतं, आणि नको होतं.

बुधवार, १२ मार्च

इसीचा वाढदिवस. त्याच्या फेसबुकच्या पानावर ही गर्दी! ऑस्ट्रेलियातले मळ्यावरचे सोबती, शाळेतली पोरं — केकची चित्रं, फुलं, "मित्रा, मजा कर!" काहींना तो गेलेलाच माहीत नाही. काहींना माहीत आहे, तरी लिहितात. मी एकेक वाचत होते तोवर अनासेइनी वन्सं आल्या.

ह्यांची थोरली बहीण. बापाची बहीण म्हणजे घरात सगळ्यांच्या वर. त्यांनीच इसीचं नाव ठेवलं. पेटीच्या उशाशी त्याच बसल्या. उत्तम चटया, कापडं, पेटीबरोबर आलेली त्याची बॅग, सगळं त्यांच्या घरी गेलं. रीतच आहे. मी आई. मी खालच्या अंगाला बसले, चुलीच्या धुरात.

वन्सं आल्या तसे हे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. बहीण आत असली की हे आत थांबत नाहीत.

"काय चाललंय त्या पानावर? मेलेल्याला म्हणे शंभर वर्षं जग!"

म्हटलं, "पोरं प्रेमाने लिहितात, वन्सं."

"प्रेम असेल तर कबरीवर येऊन दोन मुठी वाळू टाका म्हणावं! सव्वीस एप्रिलला तुमचं शोकाचं काळं उतरवायचं. त्याच दिवशी ते पानही बंद. ऑकलंडच्या पुतण्याला सांगितलंय, मृत्यूचा दाखला पाठवला की बंद होतं. निजू द्या पोराला."

पायरीवरून हे म्हणाले, "बरं, ताई."

बरं, ताई! झालं. ह्या घरात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. पान गेलं की मी लिहायचं कुठे? आणि तो वाचणार कुठे?

त्यांना हे सगळं दाखवलं कुणी कोण जाणे.

गुरुवार, १३ मार्च

इसीला लिहिलं — "तुझी आत्या म्हणजे घशातला माशाचा काटा. गिळवत नाही, काढवत नाही."

लगेच चेहरा उतरला. इतक्या लवकर कधीच नाही. चरकले. असता तर रागावला असता माझ्यावर. त्याचा जीव होता आत्यावर.

शनिवार, २२ मार्च

काल लिहिलं होतं — रविवारसाठी अळूची पानं काढली, नारळाचं दूधही आहे, मांसाचं तेवढं ह्या आठवड्यात जमत नाही. आज पायरीवर डबाबंद मांस. मोठा डबा!

जमाखर्चाची वही घेऊन बसले. फुकट आलेलंही जमेला धरावं लागतं. कोणाकडून म्हणून लिहू? "इसी" लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

मंगळवार, १ एप्रिल

कुठे जावंसं वाटत नाही. बायकांच्या प्रार्थनेला दोनदा गेले नाही. निरोप पाठवायचा आणि बघत बसायचं. उतरतो. कधी पटकन, कधी ताटकळवून — अगदी त्याच्यासारखा! हाक मारली की "आलो" म्हणायचा आणि यायचाच नाही.

फार वेळ धरला की फोन तापतो. आज कपाळावर हात ठेवल्यासारखा वाटला. तो लहान असताना ताप आला की असाच लागायचा.

जेवायला ताटं घेतली तर हे म्हणाले, "किती माणसं जेवायची आहेत?" बघितलं तर एक ताट जास्त. ह्यांनीच उचलून परत फळीवर ठेवलं. जेवलेही नाहीत धड.

लोसे म्हणते, "आई, तू आमच्याशी बोलताना पण त्याच्याकडेच बघत असतेस."

शनिवार, ५ एप्रिल

आज पाप केलं.

परमेश्वराची परीक्षा पाहू नये असं लिहिलंय. मी पाहिली. पान बंद व्हायच्या आधी मला कळायलाच हवं, तो आहे की नाही. इसीला लिहिलं — "डाव्या हातावर उकळतं पाणी सांडलं. फोड आलेत."

हाताला काही झालेलं नाही. आईने मुलाला खोटं सांगितलं, तेही मेलेल्या.

चेहरा उतरला. किती साधा, भोळा चेहरा तो!

रविवार, ६ एप्रिल

उपासना संपली. वन्सं पुढच्या बाकावरून उठल्या त्या थेट माझ्याकडे. सगळ्यांदेखत माझा डावा हात धरला. उलटा केला, सुलटा केला.

"कुठे भाजलंय?"

मी हात मागे ओढायला गेले. सोडेनात.

"अगं, कुठे भाजलंय?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, वन्सं?"

हात सोडला. पंख्याने वारा घेत चालत्या झाल्या. मागे वळून पाहिलं नाही. बायका बघत होत्या, मी हात पुढे धरून तशीच उभी.

बॅग. फोन बॅगेतच आला असणार. आणि बॅग त्यांच्याकडे गेली.

म्हणजे तेलही त्यांचं, डबाही त्यांचाच. तो नव्हता! एकदाही नव्हता. वर्षापूर्वी पेटीत पाहिलं तेव्हा गेला होता. आज पुन्हा गेला. आणि आज रडायला कुणी जमलं नाही. कुणाला सांगू की माझा मुलगा आज वारला?

सोमवार, ७ एप्रिल

नाही लिहिलं.

शुक्रवार, ११ एप्रिल

नाहीच लिहिलं. ह्यांना कसं सांगू? ज्या बहिणीसमोर हे मान वर करत नाहीत तिच्याबद्दल? आणि वन्संना मी काय विचारणार? त्यांनी बॅग नेली ती हक्काने नेली.

दुपारी वन्संच्या शेजारची पोर आली. "अनासेइनीआत्यांनी विचारलंय, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे म्हणावं."

"त्या म्हणाल्या, खरं काय ते विचारून ये."

म्हणजे वाट बघताहेत! बघू देत.

रविवार, २० एप्रिल

पुनरुत्थानाचा सण. कबर रिकामी सापडली, ते सगळं वाचन झालं. सगळे गात होते. मी ओठ हलवले नुसते. सव्वीसला पान जाईल. जाऊ दे म्हणते. आणि लगेच उठून पान अजून आहे ना ते बघते.

शनिवार, २६ एप्रिल

आत्ता सगळे गेले. जमेल तसं लिहून ठेवते.

सकाळी कबरीवर प्रार्थना झाली. घरी आल्यावर वन्संनी आपल्या हातांनी काळ्या कपड्यांवरून माझ्या कमरेला बांधलेली शोकाची चटई सोडवली. वर्षभर बांधून बांधून दोरीचा वळ पडलाय. एकदम हलकं वाटलं, आणि उघडंही.

मी चुलीकडे गेले. जमिनीत भट्टी लावली होती, कोनफळं, अळूचे पुडे आत. बाहेर डुक्कर भाजत होतं. आणि वन्सं चुलीच्या झोपडीत आल्या! त्या कधी येत नाहीत तिथे. बायका हातातलं टाकून खाली बसल्या.

"जरा डुकराकडे बघा गं सगळ्या, करपतंय ते."

सगळ्या गेल्या. वन्संनी कमरेला खोचलेला फोन काढला. इसीचा. काच तडकलेली.

"हा घे. दहा महिने पेटाऱ्यात होता, मी बॅग उघडलीच नव्हती. उघडली त्या दिवशी चार्जिंगला लावला. तुझं सगळं एकदम यायला लागलं — टुण टुण टुण, थांबेचना! गप्प करायला बोट लावलं तर उघडलंच."

"आणि वाचलंत."

"वाचलं. चोरीच ती. मला काटा म्हणालीस तेही वाचलं."

तोंड कुठे लपवू असं झालं.

"ते एक खोटं नाही म्हणा. पण भाजल्याचं? प्रार्थनेला पहिल्या रांगेत बसणारी बाई तू! कोरफड घेऊन आले होते मी चर्चमध्ये, पिशवीत होती."

हसू आलं मला, आणि लगेच रडू. त्याही डोळे पुसायला लागल्या. धूर होताच.

"वाचत होतात, मग बंद का करायला निघालात?"

"सवय लागली गं. सकाळी उठले की आधी तेच. प्रार्थनेच्याही आधी! लाज वाटायला लागली. म्हटलं, काळं उतरेल त्या दिवशी हेही उतरू दे, आपणहून काही सुटायचं नाही. पण ह्या तीन आठवड्यांत तू लिहिलं नाहीस तर..." फोन माझ्यापुढे धरला. "घे तुझ्याकडे. तू आई आहेस. पुतण्याला सांगते, राहू दे पान."

फोन हातात घेतला. पान टिकलं! वर्षभर हाच फोन हवा होता मला. तडकलेल्या काचेमागे तो हसत होता. आणि मग लक्षात आलं. हा माझ्याकडे आला की यापुढे माझ्या शब्दांखाली त्याचा चेहरा मीच उतरवायचा. माझ्याच बोटाने. मी लिहायचं आणि मीच उघडायचं.

परत त्यांच्या हातात ठेवला.

"तुमच्याकडेच असू दे, वन्सं. बंद करू नका. वाचत जा."

"काटा म्हणशील तेही?"

"तेही."

"म्हणजे अजून म्हणणारच आहेस!"

बाहेर जाऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ते पान राहील." का, कशाला, कुणी विचारलं नाही. त्यांना विचारतं कोण! हे एवढंच म्हणाले, "बरं, ताई." पण चेहरा बघितला मी ह्यांचा, उजळला होता.

डुक्कर करपलंच एका बाजूने.

शुक्रवार, २ मे

आज बऱ्याच दिवसांनी इसीला लिहिलं. विधीच्या चटया उन्हात घातल्या, गुंडाळून ठेवल्या, एवढंच. चेहरा उतरला. बोट कुणाचं ते ठाऊक आहे मला. फोन ठेवणार, तर खाली तीन ठिपके हलायला लागले. कितीतरी वेळ हलत होते. मग त्याच्या नावाने, त्याच्या फोटोला लागून —

"आई, दमलीस का गं?"

खरं काय ते मला माहीत आहे. देवालाही माहीत आहे.

लिहिलं — "नाही रे बाळा. तू?"