चिंचोक्याच्या खळीचा डॅशबोर्ड

११ डिसेंबर १९७७, रविवार
गाडीत आता बसायला एकच सीट उरली. मागचं बाक, दारांच्या काचा, छताचं अस्तर, सगळं निघून सत्तारभाईंच्या गॅरेजच्या भिंतीला टेकलंय. ब. म्हणतात, हलकी गाडी पळते. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मग लिहावं तरी कशाला, म्हणून नुसतं ब.) दिवसभर दुकानात चादरींचे गठ्ठे उचलणाऱ्या माणसाला हलकेपणाचं एवढं वेड कुठून लागलं, देव जाणे.
फेब्रुवारीत मद्रासजवळ शर्यत आहे, जुन्या विमानपट्टीवर. सकाळी पुरुषांची आणि दुपारी बायकांचीसुद्धा एक फेरी असते, हे आज कळलं. तेव्हापासून काही सुचत नाही. एक भाकरी करपली. सासूबाई म्हणाल्या, लक्ष कुठाय तुझं. आता काय सांगू, मद्रासला आहे म्हणून?

१३ डिसें.
विचारलं एकदाचं. गाडी त्यांनीच शिकवलीय मला, होटगी रोडच्या विमानतळाच्या पट्टीवर, उजाडताना, शेळ्या चरायला यायच्या आत. म्हटलं, दुपारच्या फेरीत मी बसले तर? चूळ भरून म्हणाले, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

१८ डिसें.
आज डॅशबोर्ड काढला. पत्रा आणि त्यामागे सागवानी फळी. दोघांनी धरून उतरवला. ॲल्युमिनियमचा करायचा तर पत्रा पुण्याहून आणा, तिथंच वळवून घ्या, वगैरे. मी डबा घेऊन गेले होते. तोंडातून निघून गेलं, मी करते की, कापडाचा.
दोघंही हसले. मग मी मंगळवेढ्याचं सांगितलं. आमचे आप्पा घोंगडी विणायचे. ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत ताणून त्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावायचे. मऊ लोकर वाळली की तारेसारखी ताठ. लहानपणी मी खळीत बुडवलेलं फडकं घागरीवर वाळत घातलं होतं. निघालं ते टोपलं होऊन. वर्षभर त्यात लसूण ठेवला आईनं.
ब. गप्प झाले. ते गप्प झाले की समजावं, मासा लागला. म्हणाले, "कर. हलका झाला आन् काटे नीट धरले, तर दुपारची फेरी तुझी. सत्तारभाई, तुमी साक्षीला."

२४ डिसें.
चिंचोके भाजले, टरफलं काढली, भिजवले, वाटले, शिजवले. घरभर वास. सासूबाईंना सांगितलं, चादरींचा नवा नमुना आहे. मातीचा साचा गच्चीवर केलाय. काट्यांच्या जागी चार वाट्या रोवल्या: वेग, इंजिनाच्या फेऱ्या, तेल, उष्णता. मांजरपाटाचा एक थर, खळ, वाळवण. मग दुसरा.
ऊन आपलंच आहे. सोलापूरच्या उन्हाला काही सांगावं लागत नाही.

२ जाने. ७८
पाचवा थर. शेजारचे माग सकाळी सुरू झाले की वाटतं कुणीतरी लांब गाडी काढतंय. मी साच्यासमोर पाट टाकून बसते. हात चाकावर असल्यासारखे होतात. पट्टी पांढरी, कडेला ताडाची झाडं, ती ओळीनं मागं जातात. मद्रास पाहिलेलं नाही, पण ताड मात्र मला अगदी स्पष्ट दिसतात. खालून हाक आली, गिरिजा, दूध उतू गेलं.

१४ जाने.
संक्रांत. गड्ड्याची जत्रा, घर पाहुण्यांनी भरलेलं. गच्चीवर चादरीखाली माझा डॅशबोर्ड झाकून ठेवलाय. एका पाहुण्यांनी त्यावर कोपर टेकलं. काही झालं नाही. मलाच काय आनंद!

१७ जाने.
साच्यातून निघाला. एका हातात उचलते. टिचकी मारली की ताशासारखा वाजतो. काळ्या रंगाचा एकच हात दिला. व्हार्निश द्यावं असं ब. म्हणत होते, मीच नको म्हटलं. उगाच वजन कशाला. घोंगडीला कुणी व्हार्निश देतं का?
सत्तारभाई बघून म्हणाले, "क्या भाबी, गाडीकू पापड लगारें क्या?" पण बसवताना एवढ्या जपून हात लावत होते की जणू नवीन बाळ.

२२ जाने.
पट्टीवर नेली. आधी ब., मग मी. चारही काटे जागच्या जागी, एकही थरथरला नाही. माझ्यासमोर माझ्याच हातचं, आणि त्याच्या पलीकडे सगळा रस्ता. इतकी सुखी मी लग्नातही नव्हते. (हे पान ब.ना दाखवायचं नाही.)
अर्ज गेला. दोन नावं.

५ फेब्रु.
सासूबाईंना काय सांगायचं, यावर दोन दिवस खलबत. ठरलं: श्रीकाळहस्तीला देवदर्शन. मद्रासच्या वाटेवरच आहे, म्हणजे अर्धं खरंच. त्यांनी अभिषेकासाठी विभूतीची पुडी आणि पैसे दिले. फार वाईट वाटलं. जायचं थांबवण्याइतकं नाही.
गाडी चादरींच्या ट्रकमधून पुढं गेली, सत्तारभाई सोबत.

११ फेब्रु., मद्रास
मेलनं आलो. ताड आहेत! मला दिसायचे त्यापेक्षा बुटके, पण आहेत. पट्टी खूप रुंद. संध्याकाळी वारा येतो तो ओलसर, अंगाला चिकटतो. केस कुरळे झाले, पातळ चुरगळलं. शिदोरीतला पापड मऊ पडला, तो तसाच खाल्ला.
गाडी ताडाच्या झापांच्या मांडवात आहे. तिच्या दारावर माझा नंबर वेगळ्या कागदावर लावायचाय. झोप येणार नाही. नाही आली तरी चालेल.

१२ फेब्रु., रविवार
लिहवत नाही. तरी लिहिते.
सकाळी दव पडलं होतं, मांडवाच्या झापांतून ठिबकत होतं. डॅशबोर्डवर हात ठेवला तर तो आत गेला. शिळ्या पोळीसारखा लोंबत होता. आंबूस वास, आणि मुंग्या. चारही काटे खाली माना घालून.
पावसाळ्यात आप्पा खळीला हात लावत नसत. मला ठाऊक होतं की! पण माघात पावसाचं कोण मनात आणतं. आणि इथं पाऊस नव्हताच, नुसती हवाच ओली होती. अशी हवा असते, हे मला ठाऊक नव्हतं.
सत्तारभाईंनी सुतळीनं बांधलं जमेल तसं. ब. तसेच गेले. निम्म्या शर्यतीत सुतळी सरकली, उष्णतेचा काटा तोंड फिरवून बसला. इंजिन तापलेलं त्यांना कळलंच नाही. लांबून पांढरी वाफ दिसली. गाडी ढकलत आणली.
दुपारी भोंग्यावर माझं नाव घेतलं. दोनदा. मी ताडाखाली उभी होते, डोक्यावरून पदर घेऊन. तिथं मला कुणीच ओळखत नव्हतं. बाकीच्या बायका गेल्या. निळी गाडी चालवणारी फार सुरेख वळत होती.

१४ फेब्रु.
परतीचा प्रवास. काळहस्तीला उतरलो, अभिषेक केला. सगळ्या वाटेत ब. एका शब्दानं बोलले नाहीत की तुझ्यामुळं. बोलले असते तर मी भांडले असते, मग मोकळी झाले असते. गुंटकलला चहा आणून दिला. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

२० फेब्रु.
सासूबाई प्रसाद वाटत फिरताहेत. काळहस्तीला काय मागितलंस, विचारत होत्या. म्हटलं, काही नाही. खरंच काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

२६ फेब्रु.
ब. कानडीत म्हणाले, साकु. म्हणजे पुरे. दुकान वाढलंय, गाडी देऊन टाकू. सत्तारभाई इंजिन दुरुस्त करताहेत. मी मान हलवली. मला बोलायचा हक्क आहे असं वाटेना.
रात्री पुन्हा ताड. ओळीनं मागं जाणारे. झोपेला काही कळत नाही.

८ मार्च
बार्शीचे एक अडते गाडी घेणार, मुलाला हौस आहे. सोमवारी येतात. डॅशबोर्ड ते स्वतःच करून घेतील. तोवर तिथं नुसतं भोक आणि वायरी.

१२ मार्च, रविवार
उजाडायच्या आत ब.नी उठवलं. चल, इंजिन बघायचंय. पट्टीवर गेल्यावर ते उतरले आणि दुसऱ्या बाजूनं येऊन रिकाम्या जागी गोणपाट टाकून बसले. म्हणजे चालवायचं मी.
समोर काटा नाही, आकडा नाही. भोकातून गार वारा पायावर येत होता. पहिली खेप हळू काढली. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "दाब की." दाबलं. शेवटी कुंपण आलं, वळवली, पुन्हा दाबलं. पट्टी संपायच्या आधी आपण संपू असं वाटलं, आणि त्याची भीती वाटली नाही. पाचव्या खेपेला शेळ्या आल्या, तेव्हा थांबले.
ब. म्हणाले, "किती गेली असेल गं?"
म्हटलं, काय माहीत.
"मी कधी एवढी नेली न्हाय," ते म्हणाले. मग, "उद्या त्या बार्शीवाल्याशी तूच बोल. दे म्हणलीस तर देऊ. नको म्हणलीस तर नको."
आता दुपार झालीय, सासूबाई झोपल्यात, शेजारचे माग बंद आहेत. उद्या ते गृहस्थ आले की चहा तर करीनच. पुढचं अजून ठरत नाही.