सूर्येकाठचं घर आणि खोडलेली अट

मी, डॉ. साखरबाई बन्सी शिरसाठ, वय ७१, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार मासवण, ता. व जि. पालघर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझी स्वतःची तेवढी खात्री नाही, कारण कलम तीन मी कालपासून सारखं बदलते आहे.

१. बोईसरचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक पुतण्या विपुल यास. मासवणच्या घरावर मात्र त्याने डोळा ठेवू नये. नदीला भिंत घालून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या काढायचं त्याच्या मनात आहे.

२. दुर्बीण माझी विद्यार्थिनी डॉ. मेघाली हिला. सूर्या नदीत पाणमांजरं परत यावीत म्हणून मी नोकरीची सगळी वर्षं घातली. आम्ही सोडलेल्यांपैकी एकही टिकलं नाही. मी निवृत्त झाल्यावर कुठून तरी एक जोडी आली आणि माझ्याच घरामागच्या दरडीत बीळ करून राहिली, तिथेच त्यांना पिल्लं झाली. यात माझ्या कामाचा काही हात नाही, असा शोधनिबंध मेघालीने छापला. राग अजून गेलेला नाही. तिचं बरोबर आहे की काय, तेही कळत नाही.

३. मासवणचं घर व नदीपर्यंतचं आवार शेजारीण भागी बुधा वरठा हिला. ~~अट: घरामागच्या डोहात जाळं टाकू नये.~~

हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, तुमची मांजरं आमची जाली फाडतात. आता घर देता आन् सांगता, जालं टाकू नको. मंग पोरांना काय घालू? असलं घर मना नको."

अट ठेवावी तर भागी नाही म्हणते आणि घर वारसाने विपुलकडे जातं. काढावी तर बिळातली पिल्लं जाळ्यात अडकून मरायची. आयुष्यभर पाणमांजरांची बाजू घेतली. भागीच्या पोरांची बाजू मी कधी धड ऐकलीच नव्हती.

अट खोडली आहे. खोडाखोड माझीच, शेजारी सही केली आहे.

"भागी, मग पिल्लांचं काय?"

"घर माजं, तं डोह पन माजाच. जालं कुठं टाकायचं ते मी बगन."

याचा अर्थ काय घ्यायचा, मला समजलं नाही. भीती वाटते आहे, तरी सही करते.

ठिकाण: मासवण
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५
(सही) साखरबाई बन्सी शिरसाठ

साक्षीदार:
१. (सही) हेमाली पाटील, सालवड
२. ~~भागी बुधा वरठा~~ (घर जिला मिळायचं तिची साक्ष चालत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून ती भाऊकीतल्या मिथुनला बोलवायला गेली. जाताना डोहात लावलेलं आपलं जाळं काढून, गुंडाळून घेऊन गेली.)
(सही) मिथुन वरठा, मासवण