बोंडी ते कूजी, व्हाया चुडावा

७ डिसेंबर
सुकेशनीचा सिडनीहून फोन. मार्चमध्ये बाळंतपण. आईला, म्हणजे आमच्या चतुराबाईंना, बोलावलंय. मग मला म्हणाली, पप्पा, तुम्हीपण या, इथं समुद्राच्या कडेनं मस्त वॉक आहे, रोज जाऊ. मी म्हटलं, बाळंतपणात माझं काय काम? पहिल्यांदा नाहीच म्हणायचं असतं. एका हाकेत पानावर बसायला मी काय भुकेला आहे? दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा बघू.

८ डिसेंबर, पहाटे
यूट्यूबवर तो वॉक पाहिला. बोंडी बीच ते कूजी बीच, सहा किलोमीटर. मधली स्टेशनं तामारामा, ब्रॉन्टे, क्लोव्हेली. पाठ केली. जन्म पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात गेला, स्टेशनं पाठ करणं डाव्या हातचा मळ. आजपासून पुढच्या स्टेशनाच्या, चुडाव्याच्या रस्त्यानं प्रॅक्टिस.

संध्याकाळ
नवे स्पोर्ट्स शूज घेतले. घालून निघालो. निम्म्या वाटेत पोटरी धरली, ऑटोनं परत. तिकडंही लोक येताना बसनेच येतात.

१९ डिसेंबर
जावई धम्मदीप यांनी हिचा पासपोर्ट मागितला. माझा नाही. पेन्शनरांची फाईल वेगळी जात असणार.

२ जानेवारी
संकल्प: थेट चुडाव्यापर्यंत. शेजारचे व्यंकटराव सोबत आले. कवा जायलाव, म्हणाले. मार्चात. तिकीट निघालं का? मी त्यांच्या शुगरची चौकशी केली. हा माणूस फार खोलात शिरतो.
रेल्वे फाटकापर्यंतच गेलो. व्यंकटराव दमले होते.

१८ जानेवारी
फोन. आईशी अर्धा तास डिंकाचे लाडू. मग मी. मुद्दाम सांगितलं की हल्ली रोज चालतो. यापेक्षा जास्त काय सुचवायचं? ती म्हणाली, छान पप्पा, तब्येतीला चांगलं. मी विचारलं, समुद्रावर वारं फार असतं का? हो म्हणाली. फोन आईकडे द्या म्हणाली.
आग्रह करणं विसरलीच ही पोरगी. पगार वाढला की रीत जाते.

६ फेब्रुवारी
तिकीट आलं. एकच.
जेवणार नव्हतो. पिठलं होतं म्हणून जेवलो. ही म्हणाली, तुमीच न्हाई म्हणलाव की. आता सांगा तिला, मी बी यायलाव म्हनून.
आपल्या तोंडानं? लेकीच्या घरी? तिला शिकवली, परक्या मुलखात धाडली, आता मीच दारात उभा राहून आत घ्या म्हणू? मला फार वाईट वाटलं. हिला दाखवलं नाही. हिनं दुसरी भाकरी वाढताना तीनदा विचारलं. याला म्हणतात माणुसकी.

२३ फेब्रुवारी
हिला हैदराबादच्या विमानतळावर सोडून आलो. घरी येऊन बघतो तर बूट नाहीत. ही तिकडं पोचल्यावर फोन केला. म्हणाली, सुकेशनीनं बूट आणायला सांगितलं होतं, तुमचे दोन मोजे घातले की बरोबर बसायलेत. तसेही तुमी फाटकापर्यंतच जाता.
हे शेवटचं वाक्य अनावश्यक होतं.

१२ मार्च
नात झाली! स्टेशनवर पेढे वाटले. सगळ्यांनी एकच विचारलं, तुमी न्हाई गेलाव? व्हिसा अडकलाय म्हटलं. व्यंकटरावांनी माझ्याकडं बघत दुसरा पेढा उचलला. त्याचाच जास्त राग आला.

४ मे
व्हिडिओ कॉल. मागं समुद्र. आमची ही बाबागाडी ढकलत चाललेली. अंगावर इरकल, पायात माझे बूट. देवगाव फाट्यापलीकडं कधी एकटी न गेलेली बाई. म्हणाली, ते तामा का रामा मागं गेलं, आता कोणतं गाव? मी म्हटलं, ब्रॉन्टे. मग क्लोव्हेली. मग कूजी. बरोबर निघालं.
नात झोपलेली होती. नाक माझं आहे. माझे डोळे भरून आले, मी कॅमेरा छताकडं केला.
सुकेशनीनं फोन स्वतःकडं वळवला. म्हणाली, पप्पा, पुढच्या वर्षी तुम्ही याच. याल ना?
डिसेंबरपासून हो तोंडात घेऊन बसलो होतो. म्हटलं, छे, कशाला उगीच तुम्हाला त्रास.
बरं पप्पा, म्हणाली. फोन ठेवला.
फोन हातात घेऊन बसलोय. अजून एकदा विचारायचं राहिलंय तिचं.