मायच्या नावावरची खोली

लीड्स,
५ ऑक्टोबर १९७७

ती. बेबीनंदा अक्कास,
देवानंदचा जय भीम आणि सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मायचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. आता माझी बातमी. पंधरा डिसेंबरला मी औरंगाबादला उतरतोय, आणि सोबत मिसेस डॉसन आहेत.

त्या कोण हे तुला ठाऊक आहे, दाजींना मात्र नीट सांग. मी इथं शिकायला आलो तेव्हा खोलीसाठी गावभर हिंडलो होतो. खिडकीत पाटी असायची, दार उघडायचं, मला बघायचे आणि खोली आत्ताच गेली म्हणायचे. आपल्या गावी धावड्यात निदान जातीचं कारण तोंडावर सांगत. शेवटी या बाईंनी दार उघडलं, ओले बूट काढायला लावले, चहा दिला आणि मी काही विचारायच्या आत चावी माझ्या हातावर ठेवली. तेव्हापासून मी त्यांच्याच घरी आहे. माझ्या भिंतीवरचं अजिंठ्याचं चित्र बघून बघून त्यांनी लेणी पाहायचं मनात घेतलंय. वय सत्तरीचं, गुडघे कुरकुरतात. आत्ता नाही तर कधीच नाही.

त्यांच्यासाठी औरंगाबादच्या मोठ्या हॉटेलात मी खोली धरली आहे. इथली बँक प्लास्टिकचं एक कार्ड देते. त्यावरच्या नंबरावर हॉटेलवाले भरवसा ठेवतात आणि पाहुणा कितीही उशिरा येवो, त्याची खोली राखतात. नंबर नसेल तर संध्याकाळी सहानंतर खोली दुसऱ्याला देऊन टाकतात. आमची मनमाडची गाडी तर नऊच्या पुढं पोचते. आणि माझं कार्ड हरवलं, अक्का. बँकेनं नवं दिलं, पण नंबर बदलला. हॉटेलच्या वहीत अजून जुनाच आहे आणि तो आता चालत नाही. नवा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. एवढा तिथं जाऊन लिहवून घे.

मायला साष्टांग. तुझी माया आहेच, तिच्यात माझ्यामुळं तूट येऊ नये.

तुझा,
देवानंद


जुना जालना,
२४ ऑक्टोबर १९७७

चि. देवानंद यास,
अक्काचे अ. उ. आ. व जय भीम.

तुझं काम फत्ते. लहानपणी तू चपला हरवायचास, आता नंबर हरवतोस. प्रगती आहे म्हणायची.

काल रविवार होता म्हणून मायला घेऊन गेले. ती घरी राहीना. ज्या बाईनं तुला ठेवून घेतलं तिची खोली आपण डोळ्यांनी बघितली पाहिजे, असा हट्ट. हॉटेल काय वर्णावं! फरशी इतकी लख्ख की मायनं दारातच चपला काढल्या आणि हातात घेऊन आत आली. दारवान बघत राहिला. मी लाजले, ती नाही. खोली काही दाखवली नाही त्यांनी, पण जिन्यावरून पाणी पडतं असा एक हौद आहे, त्याच्यापाशी ती आरामात बसली.

काउंटरवरचा माणूस मच्छिंद्र नावाचा, अंबडकडचा निघाला. बोलायला गोड, पण कामात ढिला. जुना नंबर खोडून त्याच्यावरच नवा लिहायला निघाला होता. मी ऐकते होय? आमच्या हजेरीपटात पोराचा नंबर बदलला की जुनं नाव पूर्ण रेघ मारून काढतात आणि यादीच्या शेवटी नव्यानं घालतात. मधे खाडाखोड दिसली की तपासणीला आलेले साहेब पट भिरकावतात. मी त्याला बिलकुल तसंच करायला लावलं. तो दोनदा म्हणाला, बाई, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. आता तुझं नाव नव्या नंबरासकट शेवटच्या ओळीत स्वच्छ अक्षरात आहे. माझ्या समोर लिहवून घेतलंय, तेव्हा बिनघोर ये.

मिसेस डॉसनबाईंना तिखट चालतं का ते कळव. माया करतोसच, पत्रंही तेवढीच लांब करीत जा.

तुझी,
अक्का


लीड्स,
८ नोव्हेंबर १९७७

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

अक्का, तू मास्तरीण आहेस आणि मास्तरीणच राहशील. तुला हसावं की रडावं कळेना.

शाळेच्या पटात शेवटी घातलेलं पोरगं वर्गात बसतंच. हॉटेलात तसं नसतं. रेघ मारली म्हणजे धरलेली खोली सुटली आणि शेवटी लिहिलं म्हणजे रांगेच्या टोकाला उभे राहिलो. मी लगेच त्यांना तार केली. उलट तार आली की त्या आठवड्यात हॉटेल भरलेलं आहे, आपलं नाव वाट बघणाऱ्यांत आहे. कुणी सहापर्यंत आलं नाही तर त्याची खोली वाट बघणाऱ्यांपैकी जो तिथं हजर असेल त्याला मिळेल. आम्ही सहाला गाडीत असणार. तिकिटं बदलता येत नाहीत. तुझ्याकडं आणावं तर तो उभा जिना आणि अंगणापलीकडचा संडास, त्यांच्या गुडघ्यांना जमायचं नाही. इतर ठिकाणीही विचारलं, नाताळचे दिवस आहेत, सगळं भरलेलं.

त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्यांनी उन्हासाठी पांढरी टोपी घेतलीय आणि घरात घालून फिरतात. खोली नाही हे वाक्य मी या गावात पुष्कळ ऐकलं, अक्का. माझ्या मुलखात माझ्या देखत ते त्यांना कुणी ऐकवावं, हे मला सहन होणार नाही.

तुझ्यावर राग नाही. तो कधी टिकलाय? लोभ होता तसाच धर.

तुझा,
देवानंद


जुना जालना,
२१ नोव्हेंबर १९७७

चि. देवानंद यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला भाकर गोड लागली नाही. दाजी म्हणाले, पट तर पट, निदान त्या माणसानं दोनदा विचारलं तेव्हा तरी थांबायचं होतं. बरोबर आहे त्यांचं.

पण आता मायचं ऐक. मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. तिनं एवढंच विचारलं, सहा वाजता खोली कुणाला देतात? म्हटलं, जो हजर असेल त्याला. तर सूप बाजूला ठेवून म्हणाली, “मंग मी जाऊन बसते.”

मी पुष्कळ समजावलं. ते एस.टी.तलं बाकडं नाही की रुमाल टाकून जागा धरावी. तिथं साहेबलोक येतात, इंग्रजी बोलतात, तुला कुणी उठवलं तर? त्या दिवशी माझ्या शाळेची तपासणी, दाजींना रजा नाही, तू एकटी पडशील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तिनं माझ्या लेकराला दार उघडलं. मला तिच्यापायी एक दिस बसणं व्हत न्हाई का?”

मच्छिंद्रला मी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं, नियमात बसतं, खोली सुटली तर देईन, पण सुटेलच याची खात्री नाही. मायला तेवढं पुरेसं आहे. अनामत म्हणून भरायचे पैसे मी तिच्या पदरात बांधून देते. प्रौढवर्गात ती सही शिकलीय, ती गिरवून राहिलीय. तुला खरं सांगते देवानंद, मी रोज पोरांना धीट व्हा म्हणून सांगते, पण आपल्या घरात धीट कोण ते मला आत्ता दिसलं.

खोली मिळाली नाही तर माय फाटकात उभी असेल, तिला शोध. तुझी वाट बघणं हीच आमची माया समज.

तुझी,
अक्का


औरंगाबाद,
१६ डिसेंबर १९७७

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. उद्या दुपारी तुझ्याकडं येतोच, पण हे तुला मायच्या तोंडून कळायचं नाही. ती सांगेल, बसले आन् उठले. म्हणून लिहून तिच्याच हाती धाडतो.

हे सगळं मला मच्छिंद्रकडून कळलं. माय पहिल्या गाडीनं आली. पांढरं लुगडं, हातात चपला. दारवानाला वाटलं, कामाला ठेवता का विचारायला आलीय, म्हणून त्यानं मागच्या दाराकडं बोट दाखवलं. ती म्हणाली, मी खोलीसाठी आलेय, आणि सरळ चालत येऊन काउंटरच्या समोरच्या खुर्चीत बसली. लोक येत होते, जात होते, ती तिथंच. जेवायलासुद्धा उठली नाही. दुपारी मच्छिंद्रनं चहा पाठवला तर म्हणाली, तू पेलास का बाबा? संध्याकाळपर्यंत दारवानच येणाऱ्यांना सांगत होता, त्या बाईंचा नंबर पहिला आहे.

सहा वाजले आणि मुंबईच्या एका कुटुंबाची खोली सुटली. एक सुटाबुटातले गृहस्थ लगबगीनं पुढं आले, त्यांचंही नाव यादीत होतं, आपल्या वरच. मच्छिंद्रनं त्यांना सांगितलं की वाट बघणाऱ्यांत जो आधी हजर तो आधी, आणि या बाई सकाळपासून हजर आहेत. ते इंग्रजीत बरंच बोलले. माय मधे पडली नाही, फक्त उभी राहिली. मग पैसे भरले, आणि तिनं चांगुणाबाई अशी सही केली. मी ती सही पाहिली, अक्का. एक अक्षर ओळीखाली गेलंय, बाकी सगळी ठसठशीत. मला अभिमानानं भरून आलं.

आमची गाडी उशिरा आली. मिसेस डॉसन दमल्या होत्या, माझ्या हाताला धरून चालत होत्या. काउंटरवर मी नाव सांगितलं. मच्छिंद्रनं वही बघितली आणि म्हणाला, तुमच्या नावावर खोली नाही. पुढं तो म्हणाला, पण खोली चांगुणाबाईंच्या नावावर आहे, आणि तुम्ही त्यांचे पाहुणे आहात असं त्यांनी सांगून ठेवलंय. मी नवं कार्ड काढून दिलं. त्यानं त्याचा नंबर मायच्या नावापुढं लिहून घेतला. मी खोडाखोड करू दिली नाही.

तेवढ्यात माय खोलीतून खाली आली. मिसेस डॉसनना बघून ती थबकली, आणि मग दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. एकीचं बोलणं दुसरीला कळत नव्हतं आणि दोघीही बोलत होत्या. माय शेवटच्या गाडीनं परत निघाली होती. मिसेस डॉसननी सोडलं नाही, खोलीत पलंग दोन आहेत म्हणाल्या. मी स्टेशनच्या प्रतीक्षालयात झोपलो आणि छान झोपलो.

मायला थांबवून घ्यायचं ठरलं तेव्हा मच्छिंद्रनं वही पुन्हा उघडली. खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या बाईंचं पहिल्या बाईंशी नातं लिहावं लागतं, म्हणाला. घरमालकीण म्हणावं तर मायची नव्हे, पाहुणी म्हणावं तर ते नातं नव्हे. मायनं मला विचारलं, काय पुसून राह्यला तो? मी सांगितलं.

ती म्हणाली, “भैन लिव्ह म्हणावं.”

त्यानं लिहिलं. मिसेस डॉसनना मी सांगितलं काय लिहिलं ते, तेव्हा त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्या शब्दाशेजारी सही केली.

तुझ्या मायेचा असाच हक्कदार,
देवानंद