कुंकवाविना ताट

आक्का,

मी ख्रिस्ती झाल्यानंतरची ही पहिलीच भाऊबीज. काल तू मांजरीहून बस बदलत कर्वेनगरला आलीस, जिन्यातच वात लावलीस आणि बेल वाजवलीस. मला चालणार नाही म्हणून कुंकू तू घरीच ठेवून आली होतीस. ताटात नुसतं निरांजन होतं. तरी मी दारातच म्हणालो, "आमच्यात ओवाळत नाहीत."

"आरं, मी देवाला न्हाय, तुला ओवाळतीय."

मी तुला बायबलमधली वचनं ऐकवली. तू ताट घेऊन माघारी वळलीस. मला वाटलं, जिंकलो.

येशूनं माझा हात धरलाय असं मी सगळ्यांना सांगत फिरतो, आणि एका वातीनं तो हात सुटेल म्हणून घाबरतो! हा कसला विश्वास? तू माझ्यासाठी कुंकू सोडलंस, मला हट्टही सोडवला नाही.

हे पत्र पाठवलं तर दाजी तुला वाचून दाखवतील. माझी माफी त्यांच्या आवाजात कशाला? आणि स्वतः यायचं, तर कोणत्या तोंडानं?

जिना उतरताना तू निरांजनाला हाताचा आडोसा धरला होतास. मी दारातून परतवलं, तरी माझ्या नावाची वात तू विझू दिली नाहीस.

तुझाच,
म्हादू