ताईंची बोटं थांबली नाहीत

श्रीवर्धन, मंगळवार संध्याकाळ

दवाखान्यातल्या दोन सर्व्हरपैकी जुना आधी अपग्रेड करायचा, म्हणून तो रिकामा करत होतो. रुग्णांच्या नोंदींचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा संगणक, चालू असतानाच दुसऱ्यावर सरकवलं. नोंदणीच्या टेबलावर सुलभाताई त्यातच टाइप करत होत्या. त्यांची बोटं थांबलीच नाहीत.

"ताई, काही अडकलं का?"

"मी नाही अडकले. तुमचाच चहा गार झाला, सर."

अख्खं मशीन हाताखालून गेलं आणि बोटं चालूच! दिघीच्या फेरीबोटीत डुलकी लागावी नि खाडीपलीकडे आगरदांड्याला जाग यावी, तसं. अजून अंगावर काटा आहे.

पण त्यांना न विचारता का केलं? बिघडलं असतं तर नोंदी गेल्या असत्या रुग्णांच्या, आणि बोल लागला असता ताईंना. उद्या सांगून टाकेन. दुसरा सर्व्हर रिकामा करायची वेळ त्यांनीच ठरवावी.