आठ जणांचे हात

३ जून
खोलीत आठ माणसं. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हात मिळवला. एकूण किती वेळा?
आमच्या खोलीतही आठच जण, म्हणून हेच गणित घेतलं. एकाचे सात. आठ जणांचे, आठ साते छप्पन्न. पुस्तकात मागे उत्तर अठ्ठावीस. तीनदा केलं, तीनदा छप्पन्नच. बहिणीला फोन लावला. ती दहावीत. मी सातवीत शाळा सोडली, यंदा बाहेरून दहावीला बसणार — पास झालो तर कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर, नाहीतर जन्मभर पत्रे उचलायचे. ती हसली. "दादा, तू त्याच्याशी हात मिळवलास म्हणजे त्याने तुझ्याशी मिळवलाच की. दोनदा मोजतोयस. अर्धे कर."
हात आधी कुणी पुढे केला, ते गणितात येत नाही म्हणे.

५ जून
काल लिहवलं नाही. ठिणगीची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. ठिणगी म्हणजे आमचा ऑपरेटर, माझ्या शेजारच्या खाटेवरचा, तापट म्हणून हे नाव. तो प्रेसचा साचा पुसत होता. मी न बघता पेडल दाबलं.

६ जून
मुकादमाने विचारलं. "आपोआप सुरू झाली," म्हणालो. त्याने तसंच लिहून घेतलं. मेकॅनिकने अख्खी प्रेस उघडली, बिघाड सापडेना. सापडणार कुठून! मुकादम जाता जाता म्हणाला, "तू पास हो बघू. जागा रिकामी झालीच आहे."

८ जून
एकही गणित सुटलं नाही.

९ जून
सुट्टी. ठिणगी दवाखान्यात, खोलीत सात जण. सगळ्यांना खरोखर हात मिळवायला लावले. खोलीतला ड्रायव्हर म्हणतो, "निवडणुकीला उभा राहतोयस का रे?" पहिल्याचे सहा. दुसऱ्याचे नवे पाच. मग चार, तीन, दोन, एक. बेरीज एकवीस. जमलं.
"ठिणगी आला की अजून सात," ड्रायव्हर म्हणाला.
सहाच, मी मनात म्हणालो.

११ जून
ठिणगी आला. कोपरापर्यंत पट्टी. परवा घरी जाणार, कायमचा. मला एवढंच विचारलं, "अभ्यास कुठवर आला?"
बहीण सांगते, जे माहीत नाही त्याला क्ष म्हण आणि पुढे चल. ठिणगीला माहीत आहे का — क्ष. पुढे चालवत नाही.

१२ जून
सकाळीच मुकादमाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "ऑपरेटरचं विसर. पत्रे तरी उचलू द्यायचे का, ते वर विचारतो."
खोलीवर आलो. ठिणगी बॅग भरत होता. म्हणालो, "पेडल मी दाबलं."
"माहीत आहे. तुझा बूट दिसला होता मला."
मग एका हाताने चेन ओढत बसला. लावून देऊ का, विचारलं.
"नको."

१३ जून
निघताना ठिणगीने एकेकाशी डावा हात मिळवला. सहा झाले. मग माझ्यासमोर थांबला आणि पट्टीतला उजवा पुढे केला.
अठ्ठावीस.